राखीव

वीस तारखेला, दुपारी सव्वातीनला,
वागळे इस्टेटच्या आमच्या गल्लीत
गटाराच्या कामावरच्या जेसीबीनं
आमची केबल उपटली,
गाजरासारखी.
अकरा जणांची रिटर्नं भरायची राहिलेली
आणि राउटरवर एकच लाल दिवा,
गुन्हा कबूल केल्यासारखा.

मग माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चार लॅपटॉप.
फोन इतका तापला की उन्मेषनं तो
स्टीलच्या ताटलीत ठेवला, पंख्याखाली.
ओटीपीही त्याच्यावरच येणार,
आणि सासूबाईही त्याच्यावरच :
दोडकी आणू की पडवळ?
म्हटलं, काहीही आणा, पण फोन करू नका.
रात्री अकरा चाळीसला शेवटची पोचपावती.
(घरी गेले तर दोन्ही भाज्या.)

ठरलं. दुसरी लाइन. बिनतारी.
जमिनीतून न येणारी.

पहिला माणूस छतावर तबकडी लावायला आला.
समोरचा टॉवर दिसला पाहिजे मॅडम, बाकी काही नाही.
पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहिलो.
दिसत होता टॉवर, येऊरच्या डोंगराच्या जरा अलीकडे,
आणि त्याच्याही अलीकडे, अगदी रेषेत,
नवव्या स्लॅबपर्यंत आलेली एक इमारत.
किती मजली? विचारलं.
पत्र्यावर लिहिलं होतं : बत्तीस.
तो थोडा वेळ बघत राहिला,
मग काही न बोलता टेप गुंडाळू लागला.
मला तो माणूस आवडला.

दुसरा स्पीड सांगत होता. तीनशे, पाचशे.
मला पाचशे नकोय हो,
पोर्टल उघडलं म्हणजे झालं.
तेव्हा उन्मेष कोपऱ्यातून म्हणाला,
केबल तुमच्याच कंपनीची तुटली. सिमही तुमचंच घ्यायचं?
आणि त्या टॉवरच्या पायाशी जी तार जाते
ती कुठल्या रस्त्यानं जाते?
माणसानं पाणी मागितलं.

म्हणजे बिनतारी हे
शेवटच्या दोनशे पावलांपुरतंच.
त्याच्यामागे सगळी तारच,
आणि तारेच्या डोक्यावर कुणाचा ना कुणाचा जेसीबी.
हे कळल्यावर मी जरा वेळ नुसती बसले.

मग तीन कंपन्यांची तीन सिमं आणली.
उन्मेष फोन समईसारखा धरून ऑफिसभर फिरला,
भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहीत.
खिडकीत दोन दांड्या.
झेरॉक्सपाशी एक, तीही जाऊन-येऊन.
संडासाच्या दारावर भरगच्च चार.
वच्छलाबाई म्हणाल्या, मग टेबलं इकडेच आणा की.

शाळेच्या खो-खो संघात मी बारावी होते.
नऊ खेळायच्या, तीन राखीव.
दर सामन्याला रिबिनीला दुहेरी गाठ मारून
चुन्याच्या रेषेबाहेर बसायचे.
बाई म्हणायच्या, तयार राहा.
तीन वर्षं तयार राहिले.
संघाच्या फोटोत आहे मी, डावीकडून शेवटची.
सगळ्यांचे फ्रॉक मातीनं माखलेले.
माझा नाही.

आता संडासाच्या दारावर प्लायची फळी,
फळीवर छोटा काळा राउटर, वेगळ्या कंपनीचं सिम.
महिन्याला सहाशेच्या आसपास,
बहुतेक दिवस काहीच न करण्याचे.
सीए जोशीपुरा म्हणाले, हा खर्च कुठे दाखवणार?
बघू.

दर सोमवारी साडेदहाला
मोठ्या राउटरची वायर मी स्वतः काढते.
दहा मिनिटं. पाऊस असो, ऊन असो, केबल ठणठणीत असो.
उन्मेषला टेस्टिंग म्हणून सांगितलंय.
तिकडे फळीवर दिवा पिवळा होतो,
रेंगाळतो,
हिरवा होतो.
वायर ओढताना तोंडातून हळूच निघतं :
खो.

उन्मेषला वाटतं, मी खोकले.