मुळं वर

सातबाऱ्यावर पोटखराबा, तीन एकर अकरा गुंठे.
इतर हक्कांत एक शेरा: खाजगी वन.
आम्ही त्याला रान म्हणतो,
कोथरूडचे शेजारी फार्महाऊस,
तिथे अजून एक पत्राही नसताना.

मुळशीचं पाणी दिसू लागलं की एसटीतून उतरायचं,
पुढे पाऊण तास चढ.

ठकूबाई ढेबे कोयता आणत नाही.
कुदळ आणते.
"घाणेरी कापली की खूश होते," म्हणते,
"एकाची धा होऊन येती. मानेखाली घाव घाला."
मान म्हणजे खोड जिथं मातीत शिरतं ती जागा.
तिच्याखाली तीन बोटं.
मग झुडूप उपसून पालथं घालायचं,
मुळं वर,
पुन्हा मातीचं तोंड बघायला नको तिला.

पहिल्या दिवशी मी अकरा पालथी घातली
आणि दोन्ही तळहातांना फोड.
तिनं सव्वाशे,
मध्ये तीनदा तंबाखू मळून.

सोळाव्या की सतराव्या झुडपात बुलबुलाचं घरटं निघालं.
तेवढं सोडलं. फांदीला लाल चिंधी बांधली.
तीन पिल्लं, नुसती तोंडंच,
आणि आई भरवतेय घाणेरीची काळी फळं.
म्हणजे पुढल्या वर्षीचं माझं काम
आत्ताच गिळलं जात होतं माझ्यासमोर.
मी बघत राहिले. हाकलायचं कुणाला?

रानमोडी त्यामानाने सरळ.
नावातच गुन्हा कबूल.
दिवाळीच्या आत, जमीन ओली आहे तोवर,
धरून ओढली की येते,
हाताला दोन दिवस तो उग्र वास.
पलीकडचा गट कुण्या बिल्डरचा, तिथं ती डोक्याच्या वर.
मोजणीवाल्यानं हद्दीवर चुना मारला होता,
त्या चुन्यातच पहिली उगवली.

वनरक्षक येऊन गेला एकदा, मोटरसायलवर.
ऐन तोडायचा तर परवानगी,
हिरडा तोडायचा तर परवानगी.
"आणि ही?" मी कुदळीनं दाखवलं.
तो हसला, पाणी प्यायला, गेला.

राहता राहिली उंदीरमारी.
ओढ्याच्या अंगाला चाळीसेक झाडं,
फेब्रुवारीत अशी गुलाबी फुलतात
की रस्त्यावरच्या गाड्या थांबतात.
खाली मात्र काही उगवत नाही,
ना कारवी, ना कुडा, करवंदाची एक जाळीसुद्धा नाही.

ती आम्हीच लावली.
त्र्याण्णव साली, फुकट मिळालेल्या काठ्या,
विद्याधरनं पहारीनं खड्डे घेतले, मी धरून उभी.
फोटो आहे. मागे डोंगर बोडका,
आम्ही दोघं हसतोय,
जणू काहीतरी वाचवलं.

आता त्याचा गुडघा गेलाय.
तो कातळावर बसतो, थर्मास मांडीवर,
घाणेरीच्या वेळी सूचना करतो खूप.
उंदीरमारीपाशी आलो तेव्हा गप्प.

साल काढायची असते वीतभर रुंद,
खोडाभोवती पूर्ण गोल,
वरचं अन्न खाली उतरू नये म्हणून.
दोन झाडं झाली. तिसऱ्याला तो उठला,
म्हणाला, "दे इकडे."

बराच वेळ लागला त्याला.
सुरी बोथट नव्हती.
ओली साल पट्ट्यापट्ट्यानं पायाशी पडली,
आतलं लाकूड पांढरं, घामेजलेलं.
मागच्या बाजूला, ओढ्याकडे,
दोन बोटं साल त्यानं तशीच ठेवली,
वरपासून खालपर्यंत, पुलासारखी.

मी पाहिलं.
ठकूबाईनंही पाहिलं.
ती कुदळीला दांडा ठोकत म्हणाली,
"ही अशीबी मरत न्हाय वो लगेच. बुडातनं फुटती.
परत यावं लागंल."

"येऊ की," विद्याधर म्हणाला,
आणि सुरी पँटला पुसली.