डावीकडची जागा

रिकिबी काढून घेतल्या तेव्हा झेफेरिनो म्हणाला,
दोना इदालीना, आता पाय ठेवू कुठे?
कुठेच नाही. लोंबू देत,
दोरीवर वाळत घातलेल्या विजारीसारखे.

एकसष्टाव्या वर्षी घोडा शिकायला आलाय हा माणूस.
कोरूशच्या रानात चाळीस उन्हाळे
कुऱ्हाडीने बुचाच्या झाडांची साल काढली,
खोडाला एकही जखम न करता.
मला वाटलं होतं, या हातांना लगाम शिकवावा लागणार नाही.
हातांना नाहीच लागला.

लांब दोरीच्या टोकाला अंदोरिन्या गोल फिरते,
मी मध्ये उभी, घाण्याच्या खुंटासारखी.
आणि दर फेरीत घोडी जराशी आत सरकते,
डावीकडे, माझ्याकडे. दोरी सैल पडते.
घोडी वाकडी आहे, तो म्हणतो.
घोडी सरळ आहे हो.
वाकडं जे आहे ते तिच्या पाठीवर बसलंय.

डोळे मिटा. बसायची दोन हाडं शोधा.
मांडी नव्हे, मांडीच्या मागे, खोल,
खुर्चीत ज्यांची आपण कधी चौकशीही करत नाही ती.
सापडली?
एक सापडलं.
आणि दुसरं?
तीन फेऱ्या.
दुसरं बहुतेक घरीच राहिलं.

बरं, ते राहू द्या. आता सांगा,
तिचा मागचा उजवा खूर कधी टेकतो?
वाकून बघायचं नाही. कमरेला विचारायचं.
आत्ता, तो म्हणतो. उशिरा.
आत्ता. उशिरा.
आत्ता!
आणि या वेळी खरंच आत्ता.

मी दोरी गोळा करत जवळ जाते,
त्याच्या डाव्या बरगड्यांवर तळवा ठेवते.
मिटलेला पंखा. आत वारा नाही.
ही बाजू कधीपासून अशी?

तो बराच वेळ घोडीच्या आयाळीतली कुसळं काढतो.
मग म्हणतो, ती बाजू बेल्मीरोची.
एका झाडाला दोन माणसं लागतात.
तो डावीकडे, मी उजवीकडे.
कुऱ्हाड किती खोल गेली ते डोळ्यांना नाही, कानाला कळतं,
म्हणून एक कान माझ्या घावावर आणि एक त्याच्या.
त्याची थांबली की माझी थांबायची.
आमच्या शेवटच्या झाडावर पांढऱ्या रंगात आठचा आकडा आहे.
साल अजून भरायची आहे.
तो नाही.

घोडीने फुर्र केलं. एवढाच आवाज.

सरळ बसा असं मी कुणालाच म्हणत नाही.
म्हटलं की माणसं खराटा गिळल्यासारखी होतात,
आणि घोड्याला पाठीवर खराटा कळत नाही.
त्यालाही नाही म्हटलं.
म्हटलं, ऐका खुशाल डावीकडे.
पण तुम्ही तिकडे सांडताय, झेफेरिनो.
त्याची जागा ठेवायची ना?
मग ती रिकामी ठेवा.
तुम्हीच तिच्यात बसलाय.

तो काही बोलला नाही.
मी मागे सरत दोरी सोडत गेले.
पहिली फेरी तशीच. दुसरीही.
तिसरीत डावी बरगडी कुरकुरली,
जुन्या कपाटाचं दार उघडावं तशी,
आणि वितीएवढा उंच झाला तो.
अंदोरिन्याचा आतला कान मागे वळला.
दोरी माझ्या मुठीत ताठ झाली.
वाळूवर जुन्या वर्तुळाच्या बाहेर
खुरांची एक नवी ओळ.

सापडलं, तो म्हणाला. दुसरं. उजवं.
कसं आहे?
दुखतंय.

पुढच्याच फेरीत पुन्हा हरवलं, अर्थात.
मंगळवारी या, मी म्हटलं, जमलं तर न जेवता.

उतरल्यावर तो लगेच हलला नाही.
वाळूत तसाच उभा, फेंगडा,
दोन्ही पायांवर सारखा,
डाव्या हाताला एका माणसापुरतं अंतर सोडून.
घोडी मधून जायला निघाली,
तर त्याने तिला हळूच
बाजूने वळवलं.