अंगठ्याएवढा

ओस्त्रावाच्या खाणीवर एकतीस वर्षं
पाळणा खाली-वर करणारं यंत्र चालवलं मी.
कोळसा वर यायचा सुसाट.
माणसं मात्र सावकाश, घंटा ऐकत,
हात ब्रेकवरून न उचलता.
खाण मिटली. हात तसाच राहिला.

आता तो टॉर्च धरतो.
शंखाच्या तोंडाशी मादी दहा दिवस आडवी.
नराला आत शिरता येत नाही इतकी अरुंद वाट,
आणि माझी तर बोटंच जाड.
अकराव्या सकाळी तिनं शेपटी हलवली
आणि आतून धूळ उडाल्यासारखं झालं.
धुळीला डोळे होते.
चष्मा पुसून मोजली: त्रेसष्ट.

खालच्या दुकानातल्या फामबाईंची थुई,
सहा वर्षांची, मी विसरलेली सुटी नाणी घेऊन
तीन मजले चढून आली,
आणि काचेला नाक लावून बसली ती बसलीच.
"यातला एक मला?"
"तुझ्या अंगठ्याएवढा झाला की."
तिनं तिथल्या तिथे अंगठा लावून पाहिला.
पिल्लू तिच्या नखावरच्या पांढऱ्या ठिपक्याएवढं.

बाटलीत खारं पाणी, त्यात हवेची नळी,
रात्रभर गुडगुड. सकाळी नारिंगी धुरळा.
उजेड दाखवला की आर्टेमियाची ती पोरं
सगळी एका कोपऱ्यात धावतात
आणि तिथेच नळीनं ओढली जातात.
या भोळेपणावर माझे मासे जगतात.
चिमटीतली चिमूट, दिवसातून दोनदा.
एकदा मीच उतावळा झालो, तिप्पट घातलं;
दुसऱ्या दिवशी चौदा तळाशी.
पाणी बदलायचं तेही थेंबाथेंबानं.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणे;
माझं तळं साचलेलंच आहे,
त्याला फक्त कळू द्यायचं नाही
की काही बदललं.

काचेमागे आलेखाच्या कागदाची पट्टी.
मार्चमध्ये सात चौकोन.
जूनमध्ये नऊ.
व्लास्तिमिल बिअर घेऊन आला, बराच वेळ बघत राहिला.
"तुझे मासे मेलेत रे," म्हणाला,
"त्यांना कुणी कळवलं नाही, एवढंच."
थव्यानं फिरत नाहीत ती.
प्रत्येकाचा आपला दगड,
दगडाला पोट लावून बसायचं
आणि वाढत नाही असं दाखवायचं.

थुईचे दात पडले, नवे आले.
आमच्या भाषेतला तो खडबडीत र
तिला माझ्याहून स्वच्छ येऊ लागला.
दर रविवारी अंगठा काचेला.
मासा दोन चौकोन पुढे, अंगठा तीन.
नवव्या वर्षी कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"आजोबा, तुम्ही मला चक्क अंगठा दाखवताय."
"मी नाही," म्हटलं. "तूच दाखवतेस. दर रविवारी."

त्या फेब्रुवारीत वीज गेली.
खिडकीला आतून बर्फ.
टाकीला घरातली सगळी पांघरुणं,
माझा खाणीतला कोटसुद्धा.
फामबाई दुकानातल्या मेणबत्त्या घेऊन वर आल्या, पैसे घेईनात.
मगानं पाणी उचलायचं, उंचावरून सोडायचं,
म्हणजे थोडी हवा मिसळते.
शंभर मग मी, शंभर थुईनं,
मग तिच्या आईनं, त्या मोजत होत्या त्यांच्या भाषेत.
पहाटे चारला फ्रीज गुरगुरला.
तीन गेले. बाकीचे आपापल्या दगडाशी,
जणू रात्र झालीच नव्हती.

परवा आली. तेरावं सरत आलंय.
दारात वाकावं लागत नाही अजून, पण वाकते.
फोनची वायर मागायला आली होती,
बोलता बोलता, सवयीनं,
अंगठा काचेला.
मोठा नर सरकत आला.
काळा, अंगावर मोत्यांच्या ओळी,
तोंड तिच्या नखाच्या टोकाशी,
आणि शेपूट
अंगठ्याच्या मुळाच्या पार मागे.
पट्टी मला दिसत होती. तिलाही.

तिनं हात खिशात घातला.
"अजून नाही," म्हणाली.
"थोडासा राहिलाय."

"राहिलाय," मी म्हटलं,
आणि नारिंगी बाटली हलवून
उजेडाकडे धरली.