एक सूत कमी

उईके म्हणाला, सबफ्रेम वाकली.
हात पुसत म्हणाला, माझ्याकडे न बघता,
जसं कुणी म्हणावं, आज बुधवार.
बेचाळीस हजार. पार्ट इथं भेटत नाही, पुण्याहून येईन,
अन् तोवर गाडी काढू नका, काकाजी,
चाक निघून जाईन एखाद्या दिवशी
वाडीच्या नाक्यावर, ट्रकच्या पुढं.

शेडच्या टिनावर मे महिना उभा होता.
कूलर पाण्याविना नुसता वारा फेकत होता
आणि माझी अकरा सालची गाडी जॅकवर,
नाल ठोकून घेणाऱ्या घोड्यासारखी, एक पाय वर.

टक. एवढंच तर होतं.
डाव्या चाकातून, स्पीडब्रेकर उतरताना.
चढताना नाही. वळताना नाही. ब्रेक दाबल्यावर नाही.
मी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलेलं.
सुलभा हसली होती : आता गाडीचाही सातबारा काढा.

चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
तोंडी सांगितलेलं मला ऐकूच येत नाही.
म्हटलं, उईके, गाडी खाली घे.
डिकीतून फीत काढली, कडा झिजलेली, आकडे शाबूत.
जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंत :
उजवीकडे सव्वीस इंच.
डावीकडे सव्वीसला एक सूत कमी.

एका सुतानं काय वाकतं रे, म्हटलं.
तो म्हणाला, त्या एका सुतातच तं सगळं हाये, काकाजी.

हे वाक्य माझं होतं.
कुहीकडच्या एका शिवारात, एकोणनव्वद साली,
गिरजाबाई ठवकर पदर खोचून धुऱ्यावर उभी,
धुरा सरकला म्हणता तं मले दाखवा न, कुठून सरकला.
बोरीची काठी तिनं थेट नकाशावर टेकवली.
मी म्हणालो, बाई, नकाशातलं एक सूत म्हणजे
जमिनीवर चाळीस फूट, त्या सुतातच सगळं असतं.
दाखवलं नाही.
नकाशाची गुंडाळी केली, जीपमध्ये बसलो.
जीपचे शॉकअप तेव्हाही गेलेलेच होते.

दाखव, म्हटलं उईकेला.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. जरा वेळ गेला.
मग जॅक चढवला, खाली दोन ठोकळे लावले,
खोक्याचा पुठ्ठा अंथरला, हातात बॅटरी दिली,
आणि त्रेसष्टाव्या वर्षी मी
माझ्याच गाडीखाली पाठीवर सरकलो.

वर ग्रीसचं, धुळीचं एक वेगळंच गाव.
तो पाहा तडा, आडव्या दांडीवर.
होता. बोटभर लांब. नखानं खरवडला
तर काळी माती भुरभुरली नेमकी डोळ्यात,
कुठल्याशा पावसाळ्यातली, वाळून रेघ झालेली.
खाली लोखंड सलग.

उईके बोलला नाही. मी डोळा चोळत राहिलो.
मग त्यानंच टॉमी घालून आर्म हलवला : टक.
बुशचं रबर फाटलं होतं, हे मात्र खरंच,
आतला धातू दिसेपर्यंत.
हे तं हायेच, तो म्हणाला.
साडेअठराशे, मजुरीसकट.

बेचाळीस हजार कुठून आले होते, मी विचारलं नाही.
लबाडी असेल. किंवा अंधार.
बॅटरीचे सेल उतरलेले होते, हे मी स्वतः पाहिलं.

आता अमरावती रोडच्या सिमेंटवरून घरी येतो,
जोडावर जोड, आणि प्रत्येक जोडावर टक.
काच खाली करून ऐकतो.
सुलभा म्हणते, रस्त्याचा आवाज आहे.
असेल.
फाटकात गाडी लावून वही उघडतो,
तारीख टाकतो, वेळ टाकतो, टक लिहितो.
कब्जेदाराचा रकाना
अजून भरलेला नाही.