अकरा सेकंद

नारीनच्या वर, रस्ता संपतो तिथल्या शाळेत
मी मागच्या बाकावर बसते, गुडघे पोटाशी घेऊन.
बाक दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचा.
हातात स्टॉपवॉच, मांडीवर तक्ता.
तक्ता रशियनमध्ये, वर्ग किरगिझमध्ये,
आणि जिला कुठलीच भाषा येत नाही ती शेगडी
सगळ्यात जास्त बोलते.

मला एवढंच मोजायचंय:
प्रश्न विचारून झाल्यावर
बाई किती वेळ थांबतात.

पहिला दिवस. सरासरी पाऊण सेकंद.
साल्तानात बाईंना आकडा दाखवला,
तर त्या हसल्या, मग हसू गिळून म्हणाल्या,
"पंचेचाळीस मिनिटं, एकतीस पोरं,
वसंतात जिल्ह्याची परीक्षा.
थांबू कुठे? थांबायला जागा दाखवा."
माझ्याकडे जागा नव्हती. तक्ता होता.

पाऊण सेकंदात उत्तर देणारी मुलं तीनच:
बेगायिम, जिचा हात प्रश्नाच्या आधी वर जातो,
दुकानदाराचा एर्मेक,
आणि एक जण, जो बेगायिमचे ओठ वाचतो.
बाकीचे वहीत घोडे काढतात. चांगले काढतात.
तक्त्यात घोड्यांना रकाना नाही.

शेगडीजवळ तोलोगोन.
शब्द त्याच्या दातांशी येऊन अडतो,
मेंढी ओढ्याच्या काठाशी अडते तसा,
मागून कितीही हाकला.
त्याला कोणी विचारत नाही.
ही मायाच आहे, बाई म्हणतात.
तो कोळसा घालतो, राख काढतो,
सगळ्यांची बोटं लिहिती ठेवतो,
आणि मी चार दिवस त्याच्या नावापुढे लिहिते:
सहभाग नाही.

पाचव्या दिवशी, काय झालं कोण जाणे,
बाईंनी विचारलं, "आपली नदी कुठून येते?"
आणि खडू खाली ठेवला.
आणि त्याच्याकडे पाहिलं.

दोन. बेगायिमचा हात वर.
तीन. बाईंनी नजरेनंच तो खाली घेतला.
पाच. कुणीतरी खुदकन हसलं, त्याचं त्यालाच जड झालं.
सहा-सात माझ्याच छातीत वाजले.
सांगून टाका ना, मला ओरडावंसं वाटलं,
हिमनदीतून! पान बेचाळीस!
थांबण्यावर संशोधन करते,
थांबणं मला येत नाही.
नऊ. कोळसा तडकला.

अकरा.
"कु... कुठली?
उ-उन्हाळ्यातली की थंडीतली?"

उन्हाळ्यातली वरून येते, तो म्हणाला, बर्फातून.
ती राखाडी. भांड्यात ठेवून निवळू द्यावी लागते.
थंडीतली खालून येते, जमिनीतून.
एका ठिकाणी ती गोठतच नाही,
आजोबा घोड्याला तिथेच पाणी पाजतात.
हे सांगायला त्याला बराच वेळ लागला.
किती, ते माझ्याकडे नाही.

बेगायिमला सरकवून बाई पहिल्या बाकावर टेकल्या
आणि स्वतःच्याच फळ्याकडे पाहत राहिल्या.

तक्त्यात दोनच खुणा: बरोबर, चूक.
मी पेन्सिल चावत राहिले.

परतीच्या मिनीबसमध्ये, डोलोनच्या घाटात,
कोटाच्या खिशात हात गेला.
घड्याळ चालूच होतं. चार तास सात मिनिटं.
सर म्हणतील, हा आकडा वगळ, सरासरी बिघडते.
त्यांचं बरोबरही असेल.

शेजारच्या म्हातारीनं कुरुत पुढे केलं,
विचारलं, "कुठून येतेस, मुली?"
मी तोंड उघडलं.
ती थांबली.