पावणेसहाची वही

पावणेसहा. किटलीचं बटण दाबायचं,
ती गुरगुरेपर्यंत वही उघडायची.
मंगळवार आणि शुक्रवार, वीस मिनिटं, जास्त नाही.
जास्त वाचलं की दिवसभर डोक्यात
कुणीतरी कडी वाजवत राहतं.

तीन रकाने आखलेत:
नवीन काय आलं. माझ्या कामाचं आहे का.
नंतर बघू.
तिसरा रकाना पानाबाहेर गेलाय,
मागच्या कव्हरवर, वीजबिलाच्या पाकिटावर.

तेवीस वर्षं मी बायकांच्या छातीचे फोटो वाचते
लँकेस्टरच्या इस्पितळात, अंधाऱ्या खोलीत.
प्रत्येक फोटो दोघांनी वाचायचा, असा नियम.
माझी दुसरी ग्लेनिस होती. खोकल्याच्या गोळ्या चघळायची,
शंका आली की म्हणायची, हं. फक्त हं.
ग्लेनिस निवृत्त झाली. एप्रिलपासूनचा दुसरा वाचक
खोकत नाही.

नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
पण रोज शेजारी बसणाऱ्याचं?

मे महिन्यात लिहिलं होतं, ठसठशीत, शाईने:
दाट ऊतींमध्ये हा चुकतो.
जुलैत नवी आवृत्ती आली. ओळ खोडली.
सप्टेंबरात कळलं, आता भलतीकडेच चुकतो.
खोडलेल्यावर पुन्हा लिहिलं. कागद फाटला.
तेव्हापासून पेन्सिल.

खिडकीबाहेर मोरकॅमची ओहोटी, अजून काळोखी.
आल्फ थ्रेलफॉलच्या कपाळावरचा दिवा वाळूत हलतोय,
काखेत लॉरेलच्या फांद्या.
रविवारी खाडी पायी ओलांडणाऱ्यांसाठी खुणा रोवतो.
गेल्या आठवड्यात जिथे घोट्याएवढं पाणी होतं
तिथे आज घोडा बुडेल, म्हणतो.
एकदा विचारलं, वैताग नाही येत?
काठी खुपसून बघत म्हणाला,
येतो की. पण रविवारी लोक येतात ना.

काल एका फोटोवर आमचं दोघांचं जमलं नाही.
तो म्हणाला, काही नाही.
मला दिसलं, डाव्या कोपऱ्यात,
तांदळाच्या कणीएवढं.
तिसऱ्याकडे पाठवलंय. उत्तर यायचंय.
माझं खरं ठरावं
असं म्हणवत नाही. त्या बाईचं वय एक्कावन्न.

आजची तारीख घातली.
पहिला रकाना भरला, दुसऱ्यात फुली.
तिसऱ्यात, हलक्या हाताने,
हं.

चहा गार झालाय.
गाडीच्या काचेवर दव असेल, फडका शोधायला हवा.