पूर्वीचा धंदा

हुजूर कचेरीतल्या कारकुनानं
मोडीत एकटाकी लिहून टाकलं :
ट्रेगिअर, वय चाळीस, पूर्वीचा धंदा पाणबुड्या.
सतरा वर्षांचं आरमार एका शब्दात बसलं.

पेट्रोलच्या वासानं आपल्याआधी मरावेत म्हणून
पिंजऱ्यात पाळलेले पांढरे उंदीर,
सामुद्रधुनीच्या तळाला टेकून काढलेले एकोणीस तास,
डोक्यावरून जाणाऱ्या पंख्यांची घरघर,
डाव्या कानाचा फुटलेला पडदा
यातलं काहीच त्या रकान्यात नव्हतं.

कलाभवनात तो आम्हाला ऑइल इंजिन शिकवी.
एकदा विश्वामित्रीच्या पुलावर नेऊन
मगर दाखवली. नाकपुड्या, दोन डोळे, बस्स.
"बाकीची बोट पाण्याखाली," म्हणाला.

पण रावपुऱ्यात बोलवा झाला होता,
सरकारनं विलायती पाणबुड्या आणलाय.
गुप्त्यांच्या विहिरीत घागर पडली, गळाला लागेना,
तेव्हा ताराक्कानं मला पिटाळलं साहेबाकडे.
लाजेनं अर्धमेला होऊन मी कसंबसं सांगितलं.
तो हसला नाही.
विहिरीवर आला, बूट काढले,
घड्याळ माझ्या मुठीत दिलं
आणि उतरला.

शंभरापर्यंत मोजलं आम्ही.
मग मोजणं कुणालाच नकोसं झालं.
बुडबुडे थांबले.
ताराक्का रहाट धरून रामरक्षा पुटपुटत होती,
मधेच मला शिव्या घालत होती.

आधी घागर आली, मागून तो.
पायरीवर बसून बराच वेळ धापा टाकल्या,
उजवा कान चोळला.
"खाली ऐकू येत होतं," म्हणाला,
"वर कुणीतरी आहे.
आणि तरी वर यावंसं वाटलं."

ताराक्कानं घागर राखेनं घासायला घेतली.